दोघांचे मिळून वजन

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

दुकानाचे शटर अर्धे वर करून मी मोठ्या काट्यावर अनवाणी उभा होतो. वजन ५७.४०० भरले. गेल्या मंगळवारी ५८.१०० होते. सातशे ग्रॅम कुठे गेले याचे उत्तर सापडेना, म्हणून ही वही सुरू करतो आहे. माझी शाळा नववीत सुटली. शब्द अडला की कोश उघडून बघतो, त्यामुळे लिहायला वेळ लागतो.

आमचे काम वजनकाटे दुरुस्त करण्याचे. दुकान दादाचे आणि माझे. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. दुकानावरच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी असे तिघे राहतो. बाबांची एक रीत आम्ही अजून पाळतो. दर सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाआधी मोठा काटा तपासायचा. आधी एका भावाने उभे राहायचे, मग दुसऱ्याने, मग दोघांनी मिळून. बेरीज जुळली की मग लोखंडी वजने लावायची. तिन्ही आकडे रजिस्टरात लिहायचे.

बाबांच्या शेवटच्या वर्षाचे रजिस्टर फळीवर आहे. जानेवारीत ७१, डिसेंबरात ४९. घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी आकडे वाचले आणि मला कळले. मी चौदा वर्षांचा होतो.

तेव्हापासून हे असे आहे. स्प्रिंग बसवताना मध्येच हात थांबतो आणि मनात येते, मी नसेन तेव्हा ही स्प्रिंग असेल. मग छातीत काहीतरी खाली बसते आणि पुन्हा वर यायला अर्धा तास लागतो.

१० फेब्रुवारी, सोमवार.

मी ५७.२००. दादा ७४.३००. दोघांचे मिळून १३१.५००. काटा बरोबर.

दादा जाकीट घालून काट्यावर चढला. मी म्हटले, "जाकीट काढ की. आकडा चुकतो."

"चुकतो कसा? जाकिटासकट मी एवढा आहे. थंडी वाजते मला."

थंडी नव्हती. पण मी वाद घातला नाही, कारण मला माझे सांगायचे होते. म्हटले, "दादा, माझं वजन उतरतंय. दोन आठवड्यांत नऊशे ग्रॅम."

"मग काट्यावर कमी चढ. रोज रोप उपटून मुळं बघितलीस तर ते वाढेल का?"

वर वहिनींनाही सांगितले. त्या जाड कापडाचा कसलासा पट्टा शिवत बसल्या होत्या, दादाची कंबर धरते म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, ताटात अर्धं टाकता आणि वजन उतरतं म्हणता. आधी जेवा, मग खुशाल मरा."

त्यांचे बोलणे असेच आहे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

मी ५६.९००. दादा ७४.२००. मिळून १३१.१००.

एक किलोची दोन लोखंडी वजने सापडत नाहीत. सगळी कपाटे पाहिली. दादा म्हणाला, "कुणीतरी कुत्र्याला मारायला नेली असतील." दोन किलो लोखंड कुत्र्याला कोण मारेल? पण दादाला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते. मला त्याचा हेवा वाटतो. ७४ म्हणजे ७४. खडकासारखा माणूस. त्याला रात्री झोप लागते की नाही, हा प्रश्नच त्याला पडत नसेल.

३ मार्च, सोमवार.

मी ५६.४००. आज दादा स्वतःहून म्हणाला, "चल, तुझी तपासणी करून टाकू एकदाची. तुझा जीव टांगणीला आणि आमचाही."

सरकारी इस्पितळात गेलो. मला रांगेत बसवून दादा म्हणाला, "मी जरा पाय मोकळे करून येतो." दोन तास आला नाही. आला तेव्हा कोपराच्या खळग्यात कापूस चिकटवलेला होता.

"हे काय?"

"रक्त दिलं. रिकामा बसून काय करू?"

मला लाज वाटली. मी स्वतःसाठी चार थेंब देताना डोळे मिटले होते.

नर्सबाई दादाला बघून म्हणाल्या, "आज जोडीनं?" दादा कुठेही गेला की ओळख काढतो.

६ मार्च, गुरुवार.

डॉक्टरांनी कागद बघून सांगितले, "तुला काही झालेलं नाही. वेळेवर जेव. झोप."

पण मी नीट पाहत होतो. हे सांगताना ते माझ्याकडे बघतच नव्हते, दादाकडे बघत होते. नंतर मला म्हणाले, "तू बाहेर थांब जरा." दादा आत पंचवीस मिनिटे होता. दाराच्या काचेतून दिसले, डॉक्टरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

मला एवढे कळते. आजाऱ्याला सांगत नाहीत. घरच्या माणसाला सांगतात.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी २ वाजता.

मी जिन्यात होतो. वहिनी बोलत होत्या, "किती दिवस लपवणार? त्यांना कधीतरी कळणारच ना?"

दादा म्हणाला, "त्याला सांगायचं नाही. तो आधीच अर्धा मेलेला आहे."

"आणि डॉक्टर काय म्हणाले? नक्की किती?"

"सहा महिने. धरून चालू."

मी पायरीवर बसलो. हातात गिऱ्हाइकाचा तराजू होता. मी तराजू खाली ठेवला. सहा महिने म्हणजे सप्टेंबर. बारा वर्षे ज्याची भीती वाटत होती, ते आले. लोक म्हणतात, एकदा कळले की माणूस शांत होतो. मी शांत झालो नाही. खाली जाऊन पुन्हा काट्यावर उभा राहिलो.

१० मार्च, सोमवार.

मी ५५.८००. दादा ७४.१००.

मला कळले हे मी दादाला सांगितले नाही. त्याला वाटते मला माहीत नाही, तर तसेच वाटू दे. तो माझ्यासाठी इतके लपवतो, तर मीही त्याच्यासाठी लपवीन. फक्त एक मागितले. खाजगी इस्पितळात मोठी तपासणी करतात, सगळ्या शरीराचे आतले फोटो. १८,५०० लागतात. मला वाटले दादा नको म्हणेल. तो कपाटाजवळ गेला, वहिनींचा डबा काढला आणि मोजून दिले. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो." एवढेच. दादा म्हणाला, "असू दे गं." त्या आत निघून गेल्या आणि भांडी जोरात घासत राहिल्या.

मरणाऱ्या माणसावर पैसे कशाला, असे त्यांना वाटले असेल. त्यांचे चूक नाही.

१९ मार्च, बुधवार.

मोठ्या तपासणीतही काही निघाले नाही. तिथल्या डॉक्टरांनाही दादाने आधी फोन केला असणार. माझ्या पोटाचे काळेपांढरे फोटो मी उजेडात धरून तासभर पाहिले. मला काही समजले नाही. एका ठिकाणी राखाडी डाग आहे. दादाला दाखवला. तो म्हणाला, "तिथंच असतील ते नऊशे ग्रॅम."

२ एप्रिल, बुधवार.

दादा मला नवे काही शिकवत सुटला आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याचे शून्य कसे जुळवायचे, सरकारी तपासनिसाचे शिक्के कोणत्या क्रमाने लागतात, कोणता व्यापारी उधारी बुडवतो. आतापर्यंत या कामांना तो मला हात लावू देत नसे. आज परवान्यावर माझे नाव चढवायचा अर्जही भरला. मी सही केली. मरणाऱ्या माणसाच्या नावावर परवाना करून काय उपयोग? पण दादाचा हेतू मला समजतो. माझे मन गुंतवायचे आहे. मी खोटा उत्साह दाखवतो. तोही दाखवतो. आम्ही दोघे दिवसभर एकमेकांना फसवत काम करतो.

आज एका भंगारवाल्याने दुकानात विचारले, "थोरले बारीक झाले का हो?" मी म्हटले, "७४ आहे. रजिस्टर दाखवू?" तो म्हणाला, "राहू द्या, काटा तुमचा, आकडा तुमचा."

१४ एप्रिल, सोमवार.

मी ५५.३००. दादा ७४.१००. मिळून १२९.४००.

दोन किलोची तीन वजनेही गेली, आणि एक किलोचे आणखी एक. तपासनिसाला काय सांगायचे? दादा म्हणाला, मी बघतो.

मला आता मरणापेक्षा त्याच्या आदल्या दिवसाची भीती वाटते. बाबा आदल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मी हाक मारली तरी वळले नाहीत. ते काय बघत होते?

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.

मी ५५.४००. दादा काट्यावर चढला, ७४.१०० दिसले, आणि मी आकडा लिहायला वाकलो तेव्हा तो पडला.

आवाज माणसाच्या पडण्याचा नव्हता. लोखंडाचा होता.

मी त्याला उचलायला गेलो. जाकिटाची चेन उघडली. आत कमरेला वहिनींनी शिवलेला तो पट्टा होता, त्याला कप्पे होते. दोन किलोची तीन, एक किलोची तीन, आणि एका कप्प्यात गोदामाचे कुलूप, ३०० ग्रॅम. मी ते सगळे काढून जमिनीवर ओळीने मांडले. मी तसे का केले मला माहीत नाही. दादा शुद्धीवर येत होता आणि मी बेरीज करत होतो. नऊ किलो तीनशे. चौऱ्याहत्तर किलो शंभरातून ते गेले, चौसष्ट किलो आठशे.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये. पण वही खोटी ठेवायची नाही. मला पहिल्यांदा जे वाटले ते असे: मी नाही. सहा महिने माझे नाहीत. माझे अंग इतके हलके झाले की मी हसलो. दादाने डोळे उघडले तेव्हा मी हसत होतो.

तो म्हणाला, "कुलूप टाकलं, ती चूक झाली. आवाज त्यानंच केला."

२२ एप्रिल, मंगळवार.

वहिनी आज मोकळेपणी बोलल्या. जे पोटात होते ते सगळे ओठांवर आले. "बाबांना झालं तेच यांना झालंय. डिसेंबरात कळलं. मी पहिल्या दिवशी म्हटलं, भाऊजींना सांगा. तर म्हणे नको, त्यानं बाबांचं रजिस्टर वाचलं तेव्हा महिनाभर तोंडातून शब्द काढला नव्हता, शाळा सुटली, ते मला परत बघायचं नाही. दर रविवारी संध्याकाळी तुम्ही बाहेर गेलात की हे काट्यावर चढायचे आणि मी पट्ट्यात भर घालायची. नवऱ्याच्या अंगावर लोखंड बांधलंय मी, भाऊजी. माझ्या हातानं."

मी म्हटले, "वहिनी, मला वाटलं मीच..."

"माहीत आहे तुम्हाला काय वाटलं. तुम्हाला कायम तेच वाटतं. ते साडेअठरा हजार इंजेक्शनांचे होते. तुमच्या धडधाकट पोटाचा फोटो काढण्यात गेले."

दादा आतून ओरडला, "अगं, पुरे."

"पुरे कसं? आयुष्यात एकदा तरी बोलू दे मला."

मी इस्पितळात गेलो. डॉक्टरांना विचारले, इंजेक्शने मार्चमध्ये दिली असती तर? ते म्हणाले, "बरा झाला नसता. दोन महिने मिळाले असते. कदाचित तीन." आता दिली तर? "आता शरीराला झेपणार नाही."

२८ एप्रिल, सोमवार.

मी ५५.९००. दादा ६३.७००, पट्ट्याशिवाय. मिळून ११९.६००.

खरा आकडा लिही, असे दादाच म्हणाला. नंतर तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तुला एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"तू बारा वर्षं घाबरतोयस. म्हणजे तुला अनुभव आहे. मी चार महिने घाबरतोय आणि मला जमत नाही. गिऱ्हाईक बोलत असतं आणि मला फक्त त्याचं तोंड हलताना दिसतं. तू काय करतोस अशा वेळी?"

दादाने मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारले होते. मी पुष्कळ विचार केला. बारा वर्षांत मी त्यावर काहीही शोधलेले नाही.

"काही नाही करत, दादा. काहीतरी मोजतो. स्क्रू मोजतो."

"त्यानं जातं?"

"नाही. पण मोजून होतात."

तो हसला. मग आम्ही दोघांनी डब्यातले स्क्रू मोजले. माझे दोनशे अकरा भरले. दादाचे दोनशे नऊ भरले. पुन्हा मोजले.

१२ मे, सोमवार.

मी ५६.८००. दादा ५८.९००. पाय सुजले आहेत, त्यातले काही पाणी असेल. त्यामुळे हाही आकडा खरा नाही.

जिना उतरायला वीस मिनिटे लागली. वहिनी म्हणाल्या, "वरच झोपा, काय त्या काट्याचं घेऊन बसलात." दादा म्हणाला, "सोमवार आहे." एके काळी मी असा हटून बसायचो.

मला एक सांगितले पाहिजे. मी रोज त्याच्याजवळ बसतो, अंग पुसतो, औषध देतो, आणि मनात घोकत असतो की हे मला होणार नाही. मग आठवते, बाबांना झाले, दादाला झाले, आता आमच्या घरात मी एकटा उरलो. दादाच्या मरणातही मी माझेच मरण शोधतो. असा भाऊ कुणाला नसावा.

२६ मे, सोमवार.

दादाला उभे राहता येत नाही. मी म्हटले, आज राहू दे. तो म्हणाला, "मला उचल आणि तू चढ. मिळून आकडा घे, तुझा वजा कर. एवढं गणित येतं ना नववीपर्यंतचं?"

मी त्याला पाठीवर घेऊन जिना उतरलो. काट्यावर उभा राहिलो. त्याची हनुवटी माझ्या खांद्यात रुतत होती. मिळून १०८.९००. मग त्याला गादीवर ठेवून एकटा चढलो. ५८.७००.

दादा ५०.२००. आणि मी फेब्रुवारीपेक्षा तेराशे ग्रॅमने वाढलो आहे. वहिनी जे पुढ्यात ठेवतात ते मी खातो. गेला महिनाभर भूक लागते. मी तो आकडा हाताने झाकला. दादाने पाहिला होता. म्हणाला, "बघ. रोप उपटायचं थांबवलंस तर."

३ जून, मंगळवार.

दादा आज शांत नव्हता. काल मी काटा तपासला नाही. त्याने माझा हात धरला होता आणि "नको, नको" म्हणत होता. कशाला नको ते कळले नाही. वहिनींना ओळखले, मग ओळखले नाही. मी विचारले, "दादा, स्क्रू मोजायचे का?" त्याने मान हलवली, हो की नाही ते समजले नाही. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, मोठ्याने. एकशे चाळिसाच्या आसपास वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थांबा."

सकाळचे ११ वाजून ४० मिनिटे झाली होती.

मला वाटले होते, जवळून पाहिले की भीती जाईल. ती तिथेच आहे, होती तेवढीच. फक्त आता ती ज्याला सांगायची, तो माणूस नाही.

९ जून, सोमवार.

काट्यावर एकटा उभा राहिलो. ५८.२००. रजिस्टरात तीन रकाने असतात. एक भरला, दोन कोरे सोडले. वजने लावून काटा तपासला. बरोबर आहे. परवाना माझ्या नावाने आला, सकाळच्या टपालाने. दुपारी दोन गिऱ्हाइके आली. त्यांतला एक तो भंगारवाला. त्याने विचारले, "थोरले कुठे?" मी सांगितले. तो म्हणाला, "पण परवाच तर चौऱ्याहत्तर होते ना?"

वहिनी दिवसभर खाली आल्या नाहीत. मी वर जाऊन म्हटले, ते पैसे मी फेडीन. त्या म्हणाल्या, "मला कशाला देता? ज्याचे होते त्याला द्या." थोड्या वेळाने जेवायला हाक मारली. आम्ही दोघे जेवलो. कुणी ताटात टाकले नाही.

डिसेंबर ते आजपर्यंतचा खर्च:

दादाची औषधे, सरकारी इस्पितळ: ४,१२०
दादाची इंजेक्शने: घेतली नाहीत
माझी पहिली तपासणी: ६४०
माझी मोठी तपासणी: १८,५००
पलंगाचे भाडे, एक महिना: ९००
शेवटचा खर्च: ५,३००

देणे:

औषधवाला: १,२६०
पलंगवाला: ३००
वहिनी: १८,५००

औषधवाला आणि पलंगवाला या महिन्यात फिटतील. वहिनींचे दरमहा ५०० प्रमाणे त्यांच्या डब्यात टाकायचे, त्यांना न विचारता. सदतीस महिने लागतील. तेवढा मी जगेन असे धरून हिशेब केला आहे.